आकाशातून येणारी शाळा : ‘साइट’ प्रयोगाचे एक वर्ष, १९७५-७६

१/
पडद्यावरून शाळा भरवण्याची कल्पना आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत जन्मली, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात त्याच्या ४५ वर्षे आधी, देशातील अत्यंत मागास समजल्या जाणाऱ्या जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांत सकाळचे पाठ थेट उपग्रहावरून येत होते. हा प्रयोग बरोबर एक वर्ष चालला आणि ठरलेल्या दिवशी थांबला. या धाग्यात त्या वर्षाची हकिकत सांगायची आहे. त्या वर्षाने मागे ठेवलेला आणि आज फारसा कोणी न वाचणारा हिशेबही मांडायचा आहे.

२/
प्रयोगाचे नाव ‘सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्स्परिमेंट’, संक्षेपाने ‘साइट’. कालावधी १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक ही सहा राज्ये, त्यांतील २० जिल्हे आणि सुमारे २,४०० गावे. महाराष्ट्र या यादीत नव्हता. सीमेपलीकडचे विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे होते, अलीकडचे सोलापूर नव्हते. तरीही या कथेत मराठी माणसे आणि महाराष्ट्रातील ठिकाणे वारंवार भेटतात. तिचा आरंभ तर पुण्यातच शोधावा लागतो.

३/
साल १९५६. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक चाचणी घेतली. आसपासच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. प्रत्येक मंडळात साधारण वीस गावकरी, एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, शेती, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्या गोष्टींवर चर्चा करायची. चर्चेत निघालेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवायचे आणि पुढच्या प्रसारणात त्यांची उत्तरे ऐकायची, अशी व्यवस्था होती.

४/
या चाचणीचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ त्यासाठी भारतात आले होते. तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावे निवडली होती : रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली, आणि रेडिओही नसलेली. निष्कर्ष स्पष्ट होता. चर्चामंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत भरघोस वाढ झाली. नुसता रेडिओ असलेली गावे त्यांच्या बरीच मागे राहिली. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि न्यूराथ यांचा हा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

५/
त्याच वर्षी, १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले. १९६१ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने दिल्लीतील माध्यमिक शाळांसाठी नियमित पाठ प्रक्षेपित होऊ लागले. अनेक शाळांत प्रयोगशाळा नव्हत्या आणि विज्ञानाचे शिक्षक अपुरे होते. एका चांगल्या शिक्षकाचा पाठ एकाच वेळी अनेक वर्गांत पोहोचवता येईल, हा त्यामागचा विचार. २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीभोवतीच्या ८० खेड्यांसाठी ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. तरीही दूरचित्रवाणी राजधानीच्या परिघातच अडकून होती. मुंबईला ती पोहोचायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला.

६/
विक्रम साराभाई यांना नेमकी हीच गती मान्य नव्हती. मनोऱ्यावरून प्रक्षेपण करायचे तर आधी दिल्ली, मग मुंबई-कलकत्ता, मग राज्यांच्या राजधान्या, मग जिल्ह्यांची गावे, आणि सर्वांत शेवटी खेडी, असाच क्रम लागतो. साराभाईंनी १९६९ मध्ये मांडलेला युक्तिवाद या क्रमालाच आव्हान देणारा होता. उपग्रहाच्या दृष्टीने शहर आणि खेडे यांत अंतराचा भेद नसतो. मग जेथे काहीच पोहोचलेले नाही तेथूनच आरंभ का करू नये? शिक्षक, रस्ते, पुस्तके यांची जेथे सर्वाधिक वाण, तेथे हे माध्यम प्रथम गेले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

७/
भारताकडे तेव्हा स्वतःचा एकही उपग्रह नव्हता. इस्रोची स्थापना नुकतीच, ऑगस्ट १९६९ मध्ये झाली होती. १८ सप्टेंबर १९६९ रोजी भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला. नासाने आपला एक उपग्रह वर्षभर वापरायला द्यायचा. जमिनीवरची सर्व यंत्रणा, संच, कार्यक्रम आणि देखभाल भारताने करायची. यात निखळ औदार्य नव्हते. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेलाही अवकाश तंत्रज्ञानाचा शांततामय उपयोग जगाला दाखवायचा होता, आणि त्यासाठी भारताइतके मोठे व गुंतागुंतीचे क्षेत्र दुसरे नव्हते.

८/
तो उपग्रह म्हणजे एटीएस-६. ३० मे १९७४ रोजी त्याचे उड्डाण झाले. पहिले वर्ष त्याने अमेरिकेतील अ‍ॅपलाचिया, रॉकी पर्वत आणि अलास्का या दुर्गम भागांत शिक्षण व आरोग्याचे कार्यक्रम पुरवले. नंतर त्याला सरकवत आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आणून ठेवण्यात आले. अवकाशात गेल्यावर छत्रीसारखा उलगडणारा सुमारे ९ मीटर व्यासाचा अँटेना ही त्याची खासियत होती.

९/
या ९ मीटरचे महत्त्व एका तुलनेने कळेल. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे विक्रम भूकेंद्र आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी परदेशी दूरसंचारासाठी ते उभारले गेले. तेथील तबकडी सुमारे ३० मीटर व्यासाची होती, कारण उपग्रहाकडून येणारे संकेत अतिशय क्षीण असत. गावोगावी असे केंद्र उभारणे अशक्य होते. एटीएस-६ ने हे गणित उलटे केले : उपग्रहाचा अँटेना मोठा व प्रक्षेपण जोरकस, त्यामुळे जमिनीवरची तबकडी लहान आणि स्वस्त. गावातली तबकडी जेमतेम ३ मीटर व्यासाची होती.

१०/
आणि ती तबकडी बनली होती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची. आराखडा अहमदाबादच्या अभियंत्यांचा, संचांचे उत्पादन हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनचे. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालत. एक गमतीची नोंद येथेच करतो. भूस्थिर उपग्रहांवरून जगभर प्रसारण करता येईल ही कल्पना १९४५ मध्ये लेखाद्वारे मांडणारे आर्थर सी. क्लार्क तेव्हा कोलंबोत राहत होते. भारतीय अभियंत्यांनी त्यांच्या घरीही ‘साइट’चा एक संच बसवून दिला. तीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली कल्पना त्यांनी आपल्याच घरात चालू झालेली पाहिली.

११/
साराभाई मात्र हे पाहायला नव्हते. ३० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. प्रयोगाची धुरा सतीश धवन यांच्या नेतृत्वाखालील इस्रोने वाहिली. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक होते प्रा. यशपाल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून ते येथे आले होते. ‘साइट’ कार्यक्रमाचे व्यवस्थापन एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे होते. त्यांचा जन्म कोल्हापूरचा. मूळचे पुण्याचे प्रमोद काळे प्रकल्पाच्या तांत्रिक उभारणीत अग्रभागी होते. रॉकेट आणि उपग्रह यांच्या इतिहासात ही नावे आपण वाचतो. प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात ती क्वचितच घेतली जातात.

१२/
१ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. तारखेकडे लक्ष द्या : देशात आणीबाणी लागू होऊन पाच आठवडेच झाले होते. प्रयोगाचे संपूर्ण वर्ष आणीबाणीत गेले. त्या काळी दूरचित्रवाणी आकाशवाणीचाच एक भाग होती. ‘दूरदर्शन’ ही स्वतंत्र यंत्रणा १ एप्रिल १९७६ रोजी, म्हणजे प्रयोग चालू असतानाच, अस्तित्वात आली. सायंकाळच्या बातम्या व राष्ट्रीय कार्यक्रम सरकारी चौकटीतलेच असणार हे उघड होते. खेड्यातील माणसाला प्रथमच दिसलेला पडदा हा एका बाजूनेच बोलणारा होता, हे विसरून या प्रयोगाचे मूल्यमापन करता येत नाही.

१३/
प्रसारण रोज चार तास. सकाळचा दीड तास शाळेचा, सायंकाळचे अडीच तास प्रौढांचे. भाषा चार : हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड. दीड तासाचे चार समान भाग केले की प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येतात. म्हणजे एवढी अवाढव्य यंत्रणा एका मुलासाठी दिवसाला साडेबावीस मिनिटे चालत होती. तेलुगू व कन्नड प्रेक्षकांसाठी सायंकाळी एक युक्ती वापरली जाई. चित्र एकच, ध्वनी मात्र दोन वेगळ्या वाहिन्यांवरून. प्रत्येक गावातील संच आपल्या भाषेचा ध्वनी उचलत असे.

१४/
सकाळचा कार्यक्रम ५ ते १२ वयोगटासाठी होता. राज्याराज्यांची पाठ्यपुस्तके वेगळी असल्याने तो कोणत्याही एका अभ्यासक्रमाला बांधलेला नव्हता. मुलांचे कुतूहल जागवणे, भाषा समृद्ध करणे, आसपासच्या जगाकडे चौकसपणे पाहायला शिकवणे हे त्याचे उद्दिष्ट. विज्ञानाच्या कार्यक्रमांसाठी इस्रोने मुंबईत एक छोटा स्टुडिओ चालवला. खर्चिक उपकरणांऐवजी मुलांच्या हाती सहज येणाऱ्या वस्तूंतून विज्ञान उलगडावे, हा यशपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आग्रह होता.

१५/
संच कोठे ठेवायचा हा तांत्रिक वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात सामाजिक होता. पाटलाच्या वाड्यात ठेवला तर अर्धे गाव उंबरठ्यावरच थांबणार. म्हणून सर्वांना जाता येईल अशी सार्वजनिक जागा हवी होती, आणि बहुतेक गावांत अशी जागा म्हणजे शाळाच होती. पेटीची किल्ली, संच चालू-बंद करणे, बिघाड झाल्यास कळवणे हे काम नेमलेल्या राखणदाराकडे असे. अनेक ठिकाणी तो शाळेचा मास्तरच होता. दुरुस्तीसाठी समूहागणिक तंत्रज्ञ नेमले होते. इतक्या दुर्गम गावांतील बहुतांश संच वर्षभर चालू राहिले, याचे श्रेय उपग्रहाइतकेच या फिरत्या तंत्रज्ञांचे आहे.

१६/
अडचणी लगेच दिसू लागल्या. राजस्थान, बिहार आणि मध्य प्रदेश यांच्यासाठी हिंदी एकच, पण मुझफ्फरपूरच्या मुलाची बज्जिका, रायपूरच्या मुलाची छत्तीसगढी आणि जयपूरकडच्या मुलाची ढूंढाडी या तीन वेगळ्या घरबोली. स्टुडिओतील शुद्ध हिंदी तिघांनाही थोडी परकीच. पाच वर्षांचे आणि बारा वर्षांचे मूल एकाच पडद्यासमोर बसलेले. पडद्याला प्रश्न विचारता येत नाही, ‘थांबा, पुन्हा सांगा’ असे म्हणता येत नाही. कार्यक्रमानंतर त्यावर बोलायचे की फळ्यावरचे नेहमीचे गणित पुढे चालवायचे, हे शेवटी वर्गातल्या शिक्षकावरच अवलंबून होते.

१७/
आता या वर्षातील, माझ्या मते, सर्वांत महत्त्वाची घटना. ऑक्टोबर १९७५ मध्ये पडद्यासमोर मुलांऐवजी शिक्षक बसले. एनसीईआरटीने प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान अध्यापनाचे १२ दिवसांचे प्रशिक्षण आखले होते. सहा राज्यांतील सुमारे २४,००० शिक्षकांनी ते एकाच वेळी घेतले. पुढच्या फेरीत आणखी तेवढेच. एका जागी बोलावून इतक्या शिक्षकांना शिकवायचे ठरवले असते, तर त्या काळच्या प्रशिक्षण संस्थांना कित्येक वर्षे लागली असती.

१८/
या प्रशिक्षणाची रचना नीट पाहण्याजोगी आहे. दूरचित्रवाणी हा तिचा केवळ एक भाग होता. सोबत रेडिओचे कार्यक्रम होते, छापील साहित्य होते, हाताने करून पाहायचे प्रयोग होते, आणि प्रत्येक केंद्रावर चर्चा घडवणारा एक मार्गदर्शक होता. पडद्यावर पाहिलेले शिक्षकांनी लगेच करून पाहायचे, अडले तर विचारायचे, आपसांत वाद घालायचे. १९५६ च्या पुणे चाचणीतील ‘ऐका आणि चर्चा करा’ हे सूत्र येथे जवळजवळ जसेच्या तसे परतलेले दिसते. फरक इतकाच की शेतकऱ्यांच्या जागी शिक्षक आणि रेडिओच्या जागी उपग्रह.

१९/
‘साइट’चे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्याने स्वतःलाच तपासले. इस्रोने समाजशास्त्रज्ञांची मोठी तुकडी उभी केली. मानववंशशास्त्रज्ञ बिनोद अग्रवाल हे त्यांतील प्रमुख नाव. प्रयोगाआधी, दरम्यान आणि नंतर पाहण्या झाल्या. दूरचित्रवाणी असलेल्या गावांची नसलेल्या गावांशी तुलना झाली. निवडक खेड्यांत अभ्यासक दीर्घकाळ मुक्कामाला राहिले आणि दैनंदिन जीवनाच्या नोंदी करत राहिले. मुलांवरील परिणामांचा स्वतंत्र अभ्यास एनसीईआरटीच्या बाजूने झाला. अवकाश संस्थेने खेड्यात मानववंशशास्त्रज्ञ बसवावेत, हे त्या काळी जगातही दुर्मीळ होते.

२०/
निष्कर्ष काय निघाले? प्रौढांमध्ये आरोग्य, कुटुंबनियोजन, राजकीय जाणीव या विषयांतील माहिती वाढली. ती वाढ विशेषकरून स्त्रिया आणि निरक्षर यांच्यात ठळक होती, म्हणजे वर्तमानपत्रे व पुस्तके ज्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती त्यांच्यात. शेतीच्या बाबतीत मात्र नव्या पद्धती प्रत्यक्ष स्वीकारण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. बियाणे, पाणी, पतपुरवठा हातात नसलेल्या शेतकऱ्याने पडद्यावर सुधारित वाण पाहून करायचे तरी काय?

२१/
आणि मुले? ज्या शाळांत संच होता तेथील मुलांच्या भाषाविकासात चांगली प्रगती दिसली, शिकण्याची आवडही वाढली. पण शालेय विषयांतील संपादणुकीत उल्लेखनीय फरक पडला नाही. पटसंख्या वाढली नाही, गळतीही थांबली नाही. जे मूल गुरे राखायला किंवा धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहत होते, ते उपग्रह आला म्हणून शाळेत आले नाही. याउलट शिक्षकांचे प्रशिक्षण हा ‘साइट’चा सर्वांत यशस्वी भाग म्हणून नोंदला गेला.

२२/
हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. तेच तंत्रज्ञान, तोच उपग्रह, तेच वर्ष. नुसते पाहणाऱ्या मुलांच्या पदरी थोडे पडले. पाहून करणाऱ्या, विचारणाऱ्या, चर्चा करणाऱ्या शिक्षकांच्या पदरी बरेच पडले. यावरून दूरचित्रवाणी निरुपयोगी ठरत नाही. भाषा आणि कुतूहल यांत झालेली वाढ खरी होती, आणि ज्या मुलाने गावाबाहेरचे जग कधी पाहिले नव्हते त्याच्यासाठी ती मोलाचीही होती. परंतु पडद्याशेजारी जाणता माणूस आहे की नाही, यावर फळाचे प्रमाण ठरत होते, एवढे निश्चित.

२३/
३१ जुलै १९७६ रोजी करार संपला. एटीएस-६ परत पश्चिमेकडे सरकवण्यात आला आणि २,४०० गावांतील उपग्रहाचे प्रसारण थांबले. भारताचा स्वतःचा दूरसंचार उपग्रह अजून दूर होता. १९७७ पासून जयपूर, रायपूर, गुलबर्गा, संबळपूर, मुझफ्फरपूर, हैदराबाद येथे जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रे सुरू झाली आणि त्यांच्या टप्प्यातील गावांना पुन्हा चित्र दिसू लागले. टप्प्याबाहेरच्या गावांत मात्र काही उरले नाही. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने तो यशस्वी प्रयोग होता आणि प्रयोगाला शेवट असतोच. त्या शाळांतील मुलांना ‘प्रयोग’ या शब्दाचा हा अर्थ कोणी आधी सांगितला असेल का?

२४/
दरम्यान दूरचित्रवाणीची दिशा बदलत होती. १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती सुरू झाल्या, म्हणजे ‘साइट’चे वर्ष अर्ध्यावर असतानाच. १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रसारण आले. १९८४ मध्ये ‘हम लोग’ सुरू झाले आणि मालिकांचे युग अवतरले. उपग्रहाच्या बाजूने इन्सॅट-१ए हा १९८२ मध्ये काही महिन्यांतच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये गेलेला इन्सॅट-१बी यशस्वी ठरला. खेड्यासाठी मागितलेले माध्यम आता देशभर पोहोचणार होते, पण त्याचा मुख्य प्रेक्षक बदलला होता.

२५/
शिक्षणाचा धागा पूर्ण तुटला नाही. इन्सॅटच्या काळात शैक्षणिक कार्यक्रम निर्माण करण्यासाठी सहा राज्यांत संस्था निघाल्या. महाराष्ट्रात १९८४ मध्ये पुण्यात उभी राहिलेली ‘बालचित्रवाणी’ ही त्यांतलीच. आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी, ताई-दादांनी सह्याद्री वाहिनीवर तिचे कार्यक्रम पाहिले असतील. ‘साइट’ने दाखवलेली एक उणीव, म्हणजे मुलांना त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या परिसरातून शिकवण्याची गरज, ती भरून काढू शकत होती. दीर्घकाळ निधीच्या ओढाताणीत राहून ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली.

२६/
त्याच २०१७ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे डिजिटल व्यासपीठ सुरू झाले. त्याआधी २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला होता. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ही कल्पना राबवणारे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. येथेही कोड हे निमित्त होते. आपल्या वर्गाला काय हवे हे ओळखणारा शिक्षक आधी होता, कोड नंतर आला.

२७/
मग २०२० चा मार्च आला आणि शाळा बंद झाल्या. ज्यांच्या घरी स्मार्टफोन व नेट होते त्यांचे वर्ग पडद्यावर गेले. एका घरात एक फोन, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, अशी घरे असंख्य होती. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएलची ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांनी घरातल्या वस्तू घेऊन, घरच्यांशी बोलत, करून पाहत शिकावे अशी तिची मांडणी होती. सोलापूरच्या निलमनगर भागात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. मुलांनी अंतर राखून भिंतीपाशी उभे राहायचे आणि शिक्षकांनी फिरत राहायचे. ज्यांना या प्रयत्नांत यश आले, त्यांनी नकळत १९५६ चे सूत्रच वापरले होते.

२८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक आकृतिबंध दिसतो. प्रत्येक नवे साधन आले की आरंभी तेच वचन ऐकू येते : चांगला शिक्षक नसलेल्या वर्गात आता उत्तम शिक्षण पोहोचेल. रेडिओबद्दल ते म्हटले गेले, दिल्लीच्या शाळांतील दूरचित्रवाणीबद्दल, उपग्रहाबद्दल, संगणकाबद्दल, फोनबद्दलही. आणि ज्या ज्या वेळी कोणी प्रामाणिकपणे मोजमाप केले, त्या त्या वेळी जवळजवळ सारखेच उत्तर आले. साधनाने शिक्षकाची उणीव थोडीच भरून काढली. शिक्षकाच्या हाती ते दिले आणि त्याला त्यासाठी तयार केले, तेव्हा मात्र ते फळले.

२९/
मग हे उत्तर विसरले का जाते? एक कारण हिशेबाच्या वहीत सापडते. संच, तबकडी, टॅबलेट यांची खरेदी एकदाच होते, ती मोजता येते, तिचे उद्घाटन करता येते. शिक्षकाचे प्रशिक्षण, तंत्रज्ञाचा प्रवासखर्च, बॅटरी बदलणे, परिसराच्या भाषेत कार्यक्रम करणे हा खर्च दरवर्षी येतो आणि त्याची फीत कापता येत नाही. ‘साइट’च्या वर्षात हा दुसरा खर्चही गंभीरपणे केला गेला, म्हणून ते वर्ष वेगळे ठरले. बालचित्रवाणी बंद पडली ती याच दुसऱ्या रकान्यात.

३०/
आज शाळेत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याच्या चर्चा चालू आहेत. हे नवे साधन जुन्यांपेक्षा वेगळे आहे, त्याला प्रश्न विचारता येतो, हे खरे. तरीही नव्या योजनेच्या पहिल्या पानावर काही जुने प्रश्न लिहिले जायला हवेत. पडद्याशेजारी कोण बसणार? त्याला कोण तयार करणार? यंत्र बिघडले तर कोण येणार? मुलाच्या घरची बोली त्याला कळेल का? आणि वर्ष संपल्यावर काय? पैकी शेवटचा प्रश्न २,४०० गावांनी १ ऑगस्ट १९७६ च्या सकाळी अनुभवला आहे.

३१/
जाता जाता एक विनंती. १९७५ साली विजापूर, गुलबर्गा, रायचूर या पट्ट्यात प्राथमिक शाळेत असलेली मुले आज साठीच्या आसपास आहेत. त्यांतील कित्येक कुटुंबे पुढे कामानिमित्त सोलापूर, पुणे, मुंबईत आली. तुमच्या ओळखीत असे कोणी असेल, तर त्यांना विचारा : शाळेत जाळीची मोठी छत्री होती का, सकाळी काय दिसायचे, कार्यक्रम संपल्यावर गुरुजी काय म्हणायचे? आणि जमल्यास त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. अहवालांत गावांची, संचांची आणि शिक्षकांची संख्या आहे. त्या साडेबावीस मिनिटांनंतर वर्गात काय घडत होते, ते मात्र या माणसांनाच ठाऊक आहे.